क्वाय नदी, केलानी नदी आणि न दिसलेले मजूर

कोलंबोहून हॅटनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अविस्सावेल्ला मागं पडलं की डोंगर अंगावर यायला लागतात आणि केलानी नदी सोबतीला येते. जूनचा तिसरा आठवडा होता. कितुलगल गावाशी पोहोचेपर्यंत पाऊस असा लागला, की वायपर चालू असूनही समोरचं दिसेना. आंबोली किंवा ताम्हिणीचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. तेच नैर्ऋत्य मोसमी वारे, आपल्याकडे यायच्या आधी काही दिवस इथल्या डोंगरांना थडकलेले. गावाच्या नावातला 'कितुल' म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड आणि 'गल' म्हणजे खडक. माड आणि खडक दोन्ही भरपूर दिसतात. भेरली माडाच्या रसाचा काळसर गूळ टपऱ्यांवर विकायला असतो.

रस्त्याच्या कडेला पाटी आहे. तिथून पायवाट खाली नदीकडे उतरते. एकीकडे घरं, दुसरीकडे सुपारी आणि रबराची झाडं, पायाखाली शेवाळ, आणि जळवा. मोज्यांवर मीठ चोळून घ्या, असं गाडीवाल्यानं आधीच बजावलं होतं. तो पन्नाशीचा सिंहली गृहस्थ. त्याचं इंग्रजी जेमतेम, माझं सिंहली शून्य. पण नदी दिसू लागताच तो शिट्टीवर एक धून वाजवू लागला आणि भाषेची गरज संपली. ती 'कर्नल बोगी मार्च'ची धून होती. केनेथ अल्फर्ड या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका ब्रिटिश लष्करी बँडप्रमुखानं १९१४ मध्ये ती रचली. जगभर ती पोहोचली मात्र १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटामुळे. आमच्या घरी वडील दाढी करताना हीच धून वाजवत. तिला नाव असतं हे मला फार उशिरा कळलं.

खाली पाहण्यासारखं म्हणाल तर फारसं काही नाही. काठाला, झाडोऱ्यात अर्धे बुडालेले, काँक्रीटचे काही चौथरे आहेत. सुमारे सव्वाचारशे फूट लांबीचा लाकडी पूल त्यांच्यावर उभा होता. चित्रपटात तो उडवून दिला, उरले ते पाये. नदी त्या दिवशी तांबडी, फुगलेली. पलीकडच्या काठाचं जंगल ढगात शिरलेलं. चित्रपट पाहिलेला माणूस तिथं उभा राहिला की रिकाम्या जागेत आपोआप पूल उभा करतो, आगगाडीही आणतो. मीही तेच केलं. मग पाऊस वाढला आणि आम्ही एका पत्र्याच्या आडोशाला थांबलो. या लेखातला मुख्य प्रश्न तिथंच पडला. मूळ पूल इथं नव्हताच. मूळ पुलावर ज्यांच्या जिवावर काम झालं त्यांतले कितीतरी चित्रपटातही नव्हते. मग आपण इथं येऊन नेमकं काय आठवतो?

आधी चित्रपटाविषयी. दिग्दर्शक डेव्हिड लीन, निर्माता सॅम स्पीगेल. आधार पिएर बूल या फ्रेंच लेखकाच्या १९५२ च्या कादंबरीचा. कथा सयाममधल्या जपानी छावणीतली. तिथं ब्रिटिश युद्धकैद्यांकडून रेल्वेचा पूल बांधून घेतला जातो आहे. खरी जागा थायलंडमध्ये कांचनाबुरीजवळ, पण तिथं नदी रुंद, काठ सपाट. लीनच्या कॅमेऱ्याला दरी हवी होती, ती सिलोनच्या डोंगराळ भागात मिळाली. १९५६ च्या अखेरीपासून पुढचे काही महिने चित्रीकरण चाललं. ओंडके ओढायला हत्ती लावले होते. पुलाला अडीच लाख डॉलर लागले अशी जाहिरात झाली, पण पुढं कलादिग्दर्शकानंच खरा खर्च त्याच्या कितीतरी खाली असल्याचं सांगितलं. चित्रपटाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये, हा धडा आपल्यालाही नवा नाही.

कैद्यांची छावणी कोलंबोजवळच्या महारा इथल्या दगडाच्या जुन्या खाणीत उभी केली होती. इस्पितळाचे प्रसंग माउंट लव्हिनियाच्या समुद्रकाठच्या हॉटेलात घेतले. पुलाच्या स्फोटाची गोष्ट मात्र कितुलगलमध्ये आजही रंगवून सांगतात. मार्च १९५७. आगगाडी पुलावर येताच पूल उडवायचा होता. एकच संधी, म्हणून अनेक कॅमेरे लावलेले. प्रत्येक कॅमेरावाल्यानं सुरक्षित जागी पोहोचल्यावर दिव्यानं खूण करायची, मगच स्फोट. गाडी निघाली, पण एका कॅमेरावाल्याची खूण आलीच नाही. लीननं स्फोट थांबवला. चालक आधीच उडी मारून उतरलेला. बिनमाणसाची गाडी पूल ओलांडून पलीकडे जाऊन आदळली. ती ओढून पुन्हा रुळावर आणली आणि दुसऱ्या प्रयत्नात पूल पडला. हा सोहळा पाहायला आलेल्या सरकारी पाहुण्यांत पंतप्रधान एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके होते. हे नाव लक्षात असू द्या, पुढं लागेल.

चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली. त्यांतलं पटकथेचं पिएर बूलला, आणि बूल इंग्रजीत लिहिणारा नव्हे. पटकथा प्रत्यक्षात कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांची. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून दोघांची नावं हॉलीवूडच्या काळ्या यादीत होती, म्हणून पडद्यावर ती आली नाहीत. अकादमीनं ही चूक १९८४ मध्ये दुरुस्त केली. विल्सन त्याआधी सहा वर्षं गेलेले होते आणि निर्णय झाला त्याच सुमारास फोरमनही गेले. नाव परत मिळायला सत्तावीस वर्षं लागली. तरी मिळालं.

आता खरा पूल. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला. तिथल्या सैन्याला रसद पोहोचवायला समुद्रमार्ग धोक्याचा झाला, तेव्हा सयाममधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायातपर्यंत ४१५ किलोमीटरची रेल्वे जंगल-डोंगरांतून काढायचं ठरलं. दोन्ही टोकांकडून काम सुरू झालं आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी रूळ एकमेकांना भिडले. कांचनाबुरीजवळ तामार्कान इथं नदीवर दोन पूल झाले, आधी लाकडी, मग जावाहून आणलेल्या पोलादी तुळयांचा. पोलादी पूल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत मोडला, युद्धानंतर दुरुस्त झाला, आणि आजही त्यावरून गाडी जाते. गंमत अशी, की या पुलाखालची नदी 'क्वाय' नव्हतीच. ती मे क्लोंग. रेल्वे पुढं ख्वे नोई नदीच्या काठानं जाते, म्हणून बूलनं पूलही तिच्यावरच असल्याचं मानलं. चित्रपट पाहून प्रवासी 'क्वाय'वरचा पूल शोधत येऊ लागले, तेव्हा थायलंडनं १९६० च्या सुमारास मे क्लोंगच्या वरच्या भागाचंच नाव बदलून ख्वे याई करून टाकलं. चित्रपटासाठी नदीनं नाव बदलल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

तामार्कानमधले वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी. चित्रपटातल्या कर्नल निकोल्सनसारखे ते पुलाच्या प्रेमात पडलेले नव्हते. माणसं वाचवायची आणि काम जमेल तितकं बिघडवायचं, हे त्यांचं धोरण. लाकडी पुलाला वाळवी लावण्याचे उद्योगही त्यांच्या माणसांनी केले. चित्रपटानं टूसींवर अन्याय केला, असं त्यांच्या हाताखालच्या कैद्यांना अखेरपर्यंत वाटत राहिलं. या अन्यायाबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझं म्हणणं वेगळ्या माणसांबद्दल आहे.

चित्रपटाचा पहिला तासभर ज्या वादावर उभा आहे तो आठवा. छावणीचा प्रमुख साइतो हुकूम सोडतो की अधिकाऱ्यांनीही अंगमेहनत करायची. निकोल्सन खिशातून जिनिव्हा करार काढतो: अधिकाऱ्यांकडून मजुरी करून घेता येणार नाही. तो उन्हात उभा राहतो, पत्र्याच्या कोठडीत भाजून निघतो, पण वाकत नाही. ॲलेक गिनेसनं हे इतकं सुंदर केलं आहे की आपण अगदी त्याच्या बाजूचे होतो. मीही होतो. पण हमाली कुणी करायची, या प्रश्नावर जिथं इतकं नाट्य उभं राहतं, त्या गोष्टीत हमाली करणारा सर्वांत मोठा समूह दिसतच नाही.

त्या रेल्वेवर सुमारे साठ हजार युद्धकैदी होते: ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच, थोडे अमेरिकन. त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. पाचातला एक. त्यांच्यापेक्षा तिपटीनं, चौपटीनं अधिक होते आशियाई मजूर. ब्रह्मी, तमिळ, मलय, जावानीज, चिनी. जपानी त्यांना 'रोमुशा' म्हणत. ते दोन लाखांच्या आसपास होते असं मानलं जातं आणि त्यांतले नव्वद हजारांच्या घरात मेले असा अंदाज आहे. काही अभ्यासक हा आकडा त्याहून वर नेतात. नेमका आकडा नाही, कारण कैद्यांची हजेरी घेतली जाई तशी यांची कुणी ठेवली नाही. कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात ६,९८२ कैदी पुरलेले आहेत, रांगेनं, हिरवळीवर, नावानिशी. मजुरांना सामुदायिक खड्डे मिळाले.

या मजुरांमधले हजारो तमिळ मलायातल्या रबरमळ्यांवरून आणलेले होते. युद्धामुळे रबराची निर्यात थांबली, मळे बंद पडले, मजुरी गेली, तांदूळ मिळेना. तेव्हा जपानी माणसं सांगत आली: थोड्या महिन्यांचं काम आहे, चांगला रोज मिळेल, राहायला घर, सोबत कुटुंबही आणा. काही आपखुशीनं गेले. स्वयंसेवक आटले तेव्हा धरपकड सुरू झाली. फुकट सिनेमा दाखवतो म्हणून लोकांना जमवलं, दारं बंद केली आणि धडधाकट पुरुषांना थेट आगगाडीत घातलं, असं आठवणींमध्ये येतं. चित्रपटावर लिहिताना हा तपशील माझ्या मनातून जात नाही.

कैद्यांपेक्षा हे मजूर जास्त का मेले? राबवण्याच्या क्रूरतेत फार फरक नव्हता. पण कैद्यांकडे लष्करी शिस्त होती, अधिकारी होते आणि मुख्य म्हणजे डॉक्टर होते. पाणी उकळूनच प्यायचं, चर कुठं खणायचे, आजाऱ्याला वेगळं कुठं ठेवायचं, हे ठरवणारं कुणीतरी होतं. मळ्यावरून उचललेल्या कुटुंबाकडे यातलं काही नव्हतं. १९४३ चा पावसाळा लागला, कामाची घाई शिगेला पोहोचली आणि छावण्यांमध्ये पटकी पसरली. कैद्यांच्या डॉक्टरांच्या रोजनिशींमध्ये शेजारच्या मजूर छावण्यांची वर्णनं येतात. त्या वाचताना पान उलटायचा धीर होत नाही.

बूलला हे माहीत नसावं असं म्हणता येत नाही. लेखक होण्याआधी तो इंजिनिअर म्हणून मलायातल्या रबरमळ्यावरच नोकरीला होता. मळ्यावरचा तमिळ मजूर त्याच्या रोजच्या पाहण्यातला. त्या मळ्याच्या जगावर त्यानं स्वतंत्र कादंबरीही लिहिली. पण पुलाची गोष्ट लिहिताना त्याला दोन कर्नल हवे होते, पाश्चात्त्य कर्तव्यबुद्धीची विडंबना हवी होती. कादंबरीकाराचा तो हक्क मी नाकारत नाही. एवढंच, की पुढं कादंबरी गेली, चित्रपट आला, आणि जगाच्या डोक्यात इतिहास म्हणून जे बसलं ते चित्रपटाचं.

आणि बोट फक्त हॉलीवूडकडे दाखवून आपल्याला मोकळं होता येणार नाही. रूळ जुळले १७ ऑक्टोबरला. चार दिवसांनी, २१ ऑक्टोबर १९४३ रोजी, सिंगापुरात नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. ही तारीख आपल्याला पाठ असते, आधीची नसते. आझाद हिंद सेनेच्या तुकड्या पुढं ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे गेल्या त्या याच रेल्वेनं. झाशीच्या राणीचं नाव घेतलेल्या रेजिमेंटमध्ये रबरमळ्यांवरच्या तमिळ मुली मोठ्या संख्येनं होत्या. मळ्यांवरच्या अनेक पुरुषांसाठी सेनेत नाव घालणं हा रेल्वेवर नेलं जाण्यापासून सुटण्याचाही मार्ग होता. देशभक्ती खोटी होती असं यातून मुळीच निघत नाही. पण एकाच मळ्यावरचा एक भाऊ सैनिक होतो आणि दुसरा रेल्वेवर जातो, हे चित्र आपल्या स्वातंत्र्याच्या कथेत कुठंच बसवलेलं मला आढळलं नाही.

पाऊस ओसरला तसे आम्ही वर आलो. नदीत तराफे सोडणारी पोरं गिऱ्हाइकांची वाट पाहत होती. आपल्या कोलाडसारखाच इथंही हा धंदा वरच्या जलविद्युत केंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यावर चालतो. चित्रपटाच्या शेवटी एका रात्रीत नदी उतरते आणि स्फोटाची तार उघडी पडते. आता नदी रोजच चढते-उतरते.

गाडी गिनिगातहेनाच्या चढाला लागली आणि रबर संपून चहा सुरू झाला. इथून पुढं पाट्यांवर तमिळ दिसू लागतं. हे तमिळ जाफन्याचे नव्हेत. यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात तमिळनाडूतून मजूर म्हणून आले, आधी कॉफीसाठी. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून जंगलातून पायी डोंगर गाठायचा, वाटेत किती पडले त्याची गणती नाही. १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडला, कॉफी संपली, चहा आला, माणसं तीच राहिली. त्यांना आणणारा मुकादम म्हणजे कंगाणी. मलायातही मजूर नेणारा कंगाणीच. तमिळनाडूतल्या त्याच दुष्काळी जिल्ह्यांतून, बहुतेक त्याच जातींतून, एक वाट सिलोनच्या चहाकडे जाई आणि दुसरी मलायाच्या रबराकडे. कोण कुठल्या वाटेला लागलं हे पुष्कळदा गावात कुठला कंगाणी आधी आला यावर ठरे. मलायासाठीची मजूरभरती हिंदुस्थान सरकारनं १९३८ मध्ये थांबवली, सिलोनची पुढच्या वर्षी.

सिलोन १९४८ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. बाप किंवा आजा इथं जन्मल्याचे कागद दाखवा, ही अट. लाइनीतल्या खोलीत जन्मलेल्या मजुराकडे कागद कुठले? काही लाख लोक एका झटक्यात कुठल्याच देशाचे राहिले नाहीत, पुढच्या वर्षी मतदानाचा हक्कही गेला. १९५६ मध्ये बंदरनायके निवडून आले आणि सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा ते कितुलगलला पुलाचा स्फोट पाहायला उभे होते. त्या जागेपासून मोटारीनं तासाभराच्या अंतरावर, कागद नसलेले लोक चहा खुडत होते. मलायाच्या मळ्यांवरचे त्यांचेच भाईबंद पडद्यावरच्या गोष्टीत नव्हते आणि हे सरकारच्या यादीत नव्हते.

१९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारतानं घ्यायची, ३,००,००० सिलोननं ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. ते नंतरचं इंदिरा गांधींच्या काळात अर्धं-अर्धं वाटून मिटलं. माणसांना विचारलं किती, हा वेगळा विषय. शेवटच्या माणसापर्यंत नागरिकत्व पोहोचवणारा कायदा श्रीलंकेत यायला २००३ उजाडलं.

कांचनाबुरीत एक स्मारक आहे, १९४४ चं. ते खुद्द जपानी लष्करानं, रेल्वे पुरी झाल्यावर, कामात मेलेल्यांसाठी बांधलं. त्यावर इतर भाषांबरोबर तमिळमध्येही मजकूर कोरलेला आहे. ज्यांनी मारलं त्यांनीच तेवढी नोंद केली, हे वाचून मला बराच वेळ काही सुचलं नव्हतं. अलीकडे मलेशियात या मजुरांचे वंशज आठवणी गोळा करतात, कांचनाबुरीला जातात.

हॅटनच्या अलीकडे एका वळणावर चहा घ्यायला थांबलो. दुकानदार तमिळ, माझ्याहून थोडा मोठा. अण्णा म्हटल्यावर खुलला. कितुलगलला कशाला गेला होतात, असं त्यानं विचारलं. सिनेमाची जागा पाहायला, म्हटलं. "हो, तो पुलाचा. टीव्हीवर बघितलाय. गोऱ्यांचा आहे ना," तो म्हणाला आणि दूध उकळायला वळला. मलायाचं काही विचारावंसं वाटलं, पण काय आणि कसं विचारणार? समोरच्या उतारावर पानं मोजण्याची वेळ झाली होती. डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बायका पाठीवरच्या पिशव्या उतरवून काट्यापाशी रांगेत उभ्या होत्या. मुकादम वजन पुकारत होता, शेजारचा कारकून वहीत नाव आणि किलो लिहीत होता. आपला आकडा बरोबर उतरला का, हे प्रत्येक बाई वाकून वहीत पाहत होती. गाडीवाला परत ती शिट्टी वाजवू लागला, आणि पाऊस पुन्हा सुरू झाला.